होकायंत्राची सुई का वळली?



दहावीच्या विज्ञानात ‘विद्युत चुंबकीय प्रवर्तन’ आले की बरीच मुले व्याख्या पाठ करून मोकळी होतात. पण परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की गाडी अडते. म्हणून या महिन्यात व्याख्या बाजूला ठेवू आणि घरातल्याच एका वस्तूपासून सुरुवात करू.

किब्ल्याची दिशा पाहण्यासाठी अनेक घरांत छोटे होकायंत्र असते. त्याची सुई म्हणजे एक हलके चुंबक. होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा आणि सुई स्थिर होऊ द्या. आता तांब्याची तार सुईच्या अगदी वर, सुईला समांतर धरा. तारेची टोके टॉर्चच्या एका सेलला क्षणभर लावा. सुई बाजूला वळेल. सेल उलटा करून लावा, सुई विरुद्ध बाजूला वळेल. टोके काढली की ती पुन्हा उत्तर-दक्षिण! (टोके जास्त वेळ लावू नका, तार व सेल तापतात. आणि घरातल्या प्लगला तर तार कधीच लावायची नाही.)

तांबे चुंबकाला चिकटत नाही. मग सुई कोणी वळवली? तारेतून वाहणाऱ्या विजेने! विद्युतधारा वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी हे १८२० मध्ये जगापुढे मांडले.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न लंडनच्या मायकेल फॅरेडे यांनी मनात धरला. ते लोहाराचे पुत्र. शाळा फारशी झाली नाही, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. तारेजवळ चुंबक नुसते ठेवून वीज मिळत नव्हती. ऑगस्ट १८३१ मध्ये त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्या वेटोळ्याजवळची सुई हलली आणि लगेच परतली. बॅटरी काढताना पुन्हा हलली. मधल्या वेळात मात्र काहीच नाही!

उत्तर त्या क्षणभराच्या हालचालीत होते. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेव्हाच वीज निर्माण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी तारेच्या कुंडलात चुंबक आत-बाहेर करून वीज मिळवली. कोयनेच्या वीजगृहात पाण्याच्या जोराने जनित्र फिरते, तिथे हेच तत्त्व काम करते. आणि घरातला पंखा उलट काम करतो. वीज घेतो आणि चुंबकीय बलाने फिरतो.

आता हा प्रश्न सोडवा. कुंडलात चुंबक ठेवून दिले, हलवलेच नाही, तर गॅल्व्हानोमीटर काय दाखवेल? शून्य. चुंबक कितीही शक्तिशाली असले तरी शून्यच. आणि चुंबक स्थिर ठेवून कुंडल हलवले तर? याचे उत्तर तुम्ही द्या, कारणासह.

पालकांना एक विनंती. प्रयोगाला मुलाइतकेच मुलीलाही बसवा. आणि किब्ला पाहताना होकायंत्र मोबाइल, स्पीकर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवा. कारण आता तुमची मुलेच तुम्हाला सांगतील.