रीसेट हा पहिला उपाय नव्हे



आपल्या इंदुरात आता बऱ्याच घरी टीव्हीच्या मागे इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी एक छोटी स्टिक किंवा डबी असते. नवी आणली की सेटअप करताना पुष्कळदा ती मध्येच अडकते. पडद्यावर चक्र फिरत राहते, पुढे काही सरकत नाही. मग मोठी माणसे 'तुमचे तुम्ही बघा' म्हणून बाजूला होतात आणि मुले दिसेल ते बटण दाबून शेवटी रीसेट करून मोकळी होतात. मला दोन्ही पटत नाही.

रीस्टार्ट आणि रीसेट यांत मोठा फरक आहे. रीस्टार्ट म्हणजे झोपलेल्याला उठवणे; रीसेट म्हणजे लिहिलेली पाटी कोरी करणे. कोरी पाटी पुन्हा लिहिता येईलच, याची खात्री नसते. मार्च २०२५ मध्ये जगाने हे पाहिले. गुगलची २०१५ साली आलेली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे ९ मार्चच्या सुमारास जगभर एकदम बंद पडली. त्यांच्यातील डिजिटल प्रमाणपत्राची, म्हणजे एक प्रकारच्या ओळखपत्राची, मुदत संपली होती. वायर, वाय-फाय, टीव्ही सगळे ठीक होते; वापरणाऱ्याची काही चूक नव्हती. कंपनीने 'फॅक्टरी रीसेट करू नका' असे कळवले. ज्यांनी धीर धरला त्यांची उपकरणे काही दिवसांत आलेल्या अपडेटने सुरू झाली. ज्यांनी आधीच रीसेट केले होते त्यांची मात्र सेटअपमध्येच अडकली आणि त्यांना वेगळ्या दुरुस्तीसाठी आणखी थांबावे लागले. घाईने काम वाढवले ते असे.

मग करावे काय? पडद्यावरचा संदेश आधी नीट वाचावा आणि वहीत उतरवून घ्यावा. संदेश इंग्रजीत असतो म्हणून आपल्यापैकी अनेक जण बिचकतात. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, तेव्हा ही भीती मला चांगली ठाऊक आहे. पण ते चार शब्द शब्दकोश घेऊन मुलांबरोबर वाचता येतात, आणि गाडी कोणत्या पायरीवर अडली हे बहुधा तेच सांगतात.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टीव्हीच्या यूएसबीमधून वीज घेतली असेल तर ती कमी पडू शकते, कारण तेथे अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो. सोबत आलेला अॅडॉप्टर लावून पाहावा. फोन आणि उपकरण एकाच वाय-फायवर आहेत का, हे तपासावे. पहिल्या पिढीचे क्रोमकास्ट फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, त्याला ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसतच नाही. राउटर आणि उपकरण मिनिटभर बंद करून पुन्हा सुरू करावे. शेजाऱ्यांकडे तसेच उपकरण असेल तर त्यांचे चालते का, हेही विचारावे. एवढे झाल्यावरही अडले, तर रीसेट जरूर करावे. कित्येकदा त्यानेच काम होते. पण त्याची जागा शेवटची.

एक धोका पालकांनी विशेष लक्षात ठेवावा. वैतागून इंटरनेटवर शोधलेला 'कस्टमर केअर'चा नंबर खोटा असू शकतो. सेटअप करून देण्यासाठी कोणी पैसे, ओटीपी मागितला किंवा फोनचा पडदा दाखवणारे अॅप घ्यायला सांगितले, तर फोन लगेच ठेवावा. नंबर उपकरणाच्या डब्यावर किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. शाळेतील अशा प्रत्येक उपकरणाजवळ एक वही असावी. खरेदी केव्हा झाली, काय अडले, कोणी काय बदलले, हे तीत लिहिले जावे. नवे घेताना किमतीबरोबर अपडेट किती वर्षे मिळणार, हेही विचारले जावे.

टीव्हीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण निरीक्षण, नोंद, एका वेळी एक बदल आणि मग निष्कर्ष, हेच आपण प्रयोगशाळेत शिकवतो. ते घरी वापरले गेले नाही तर प्रयोगवहीतले गुण तेवढे उरतील. म्हणून पालकांनो, पुढच्या वेळी उपकरण अडले की बाजूला होऊ नका. मुलांशेजारी बसा आणि विचारा, 'नेमके कुठे अडले?'