लिप बामची डबी आणि खिडकीतला कप

दिल्लीच्या थंडीबद्दल लातूरात मला कुणी काही सांगितलं नव्हतं. डिसेंबरात ओठ असे फुटले की हसलं तरी रक्त यायचं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, बेंबीत खोबरेल सोड. (बेंबीचा आणि ओठांचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. पण सोडलं.) शेवटी खोलीतल्या मुलीने एक छोटी गोल डबी उघडून पुढे केली. म्हणाली, लगा ले. स्ट्रॉबेरीच्या वासाचा लिप बाम होता. तिच्या बोटाने पडलेल्या खळग्यातच मी बोट बुडवलं.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्यांना या क्षणाचं वजन समजावून सांगायला नको. माझ्या आजीने वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन पिण्यात अर्धं आयुष्य काढलं. आणि इथे माझं आडनाव ठाऊक असलेली मुलगी माझं उष्टं बोट चालवून घेत होती. तो हिवाळाभर ती डबी मजल्यावरच्या पाच-सहा जणींत फिरली. मी तिला एकदाही नको म्हटलं नाही. नको म्हटलं असतं तर भिंत मीच बांधल्यासारखं झालं असतं.

जानेवारीत आधी एका मुलीच्या आणि मग माझ्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका आला. पहिली मी नव्हते, तरी बोलणं झालं ते माझ्याबद्दल. शब्द होता ‘हायजीन’. गावाकडे साफसफाईकडे लक्ष देत नाहीत, असं कुणीतरी हळूच म्हणालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीतल्या फळीवरून माझा कप उचलून खिडकीत ठेवलेला होता. जातीचं नाव कुणी काढलं नाही. इन्फेक्शन आहे ना, एवढंच.

फोड दहा दिवसांत वाळला. कप मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत खिडकीतच राहिला.

आधी त्या फोडाचं बघू, कारण तो खरा होता. हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार एक नावाच्या विषाणूमुळे तो येतो. जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या लाडातून, मुक्यातून मिळतो. एकदा शिरला की मज्जातंतूंत जन्मभर दबा धरून बसतो, आणि ताप, कडक ऊन, थंडी, ताण असं निमित्त मिळालं की ओठावर येतो. परीक्षेच्या जानेवारीत ताण कुणाला नव्हता? म्हणजे माझा फोड त्या डबीतून आला की लातूरच्या आमच्या अंगणातून, हे कुणीच सांगू शकलं नसतं. कुणाकडून आला हा प्रश्नच फोल होता. तरी उत्तर अर्ध्या तासात ठरलं होतं.

पण डबी निर्दोष होती असंही नाही. ओठांच्या कातडीला स्वतःच्या तेलग्रंथी जवळपास नसतात, वरचा थर पातळ असतो, म्हणून ते आधी फुटतात. फुटलेल्या कातडीतून जंतूंना वाट सोपी जाते. फोड ताजा असताना त्याला लागलेलं बोट पुन्हा डबीत गेलं की तीच डबी दुसरीने वापरणं शहाणपणाचं नाही. थेट स्पर्शाइतका धोका त्यात नाही, पण आहे. मी नको म्हणायला हवं होतं. फोड आला तेव्हा तर स्वतःहून सांगायला हवं होतं की आठवडा-दोन आठवडे माझं काही वापरू नका. ते मला जमलं नाही, कारण आपल्याकडे ‘हात लावू नको’ हे वाक्य आरोग्याच्या पुस्तकातून आलेलं नाही. ते त्याच्या कितीतरी आधीपासून घरात ऐकलेलं असतं.

ते वाक्य जंतूंसाठी कधीच नव्हतं, याचा पुरावा महाडात आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं ते शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून. जंतूंच्या बाजूने विचार करा. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणं म्हणजे त्यांना आवतणच की!

युरोपात 1847 साली वेगळ्या रीतीने हेच उघडं पडलं. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. सुईणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाया जास्त मरत. सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधलं: डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासायला येत होते. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जूनमध्ये हा आकडा दोनवर आला. तरी कित्येक प्रतिष्ठित डॉक्टरांना तो अपमान वाटला. घाण आमच्या हातावर? घाण नेहमी खालच्याच्या हातावर असते, हा समज काही फक्त आपल्या देशाचा नाही.

आपल्या देशाने मात्र त्याला नवे कपडे शिवले. डिसेंबर 2018 मध्ये आयआयटी मद्रासच्या एका मेसमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी विद्यार्थ्यांसाठी वेगळी दारं आणि हात धुवायची वेगळी बेसिनं असल्याच्या पाट्या लागल्या. गदारोळ झाल्यावर त्या निघाल्या. हात धुवायचं बेसिन वेगळं! ज्या जागी जंतू मरावेत तिथेच भिंत. 2023 मध्ये आयआयटी मुंबईत शाकाहाऱ्यांसाठी राखीव टेबलांना विरोध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड ठोठावला गेला. शहरांतल्या कित्येक घरांत भांडी घासणाऱ्या बाईंचा कप आजही वेगळा असतो, कारण विचारलं तर ‘स्वच्छता’. ताटं, वाट्या, बाळाची दुधाची बाटली, सगळं त्याच हातांनी धुतलेलं असतं. आणि जंतूंची एवढी भीती असेल तर गटारात उतरणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्यात आधी हातमोजे दिसायला हवे होते. तिथे जंतूंची आठवण कुणालाच येत नाही.

म्हणून मी आता तीन गोष्टी बघते. नियम दोन्ही बाजूंना लागू आहे का, म्हणजे तुमच्या सर्दीत तुमचाही कप वेगळा होतो का? धुतल्यावर तो संपतो का? आणि बरं झाल्यावर संपतो का? साबणाने जंतू जातो. साबणाने जात नाही तो विटाळ. माझ्या कपाच्या वेळी तिन्ही उत्तरं ‘नाही’ होती. पण हेच प्रश्न आपल्यालाही लागू आहेत, हे कबूल करायला मला वेळ लागला. एखादी मैत्रीण म्हणाली, अगं फोड आलाय, माझी डबी नको घेऊस, तर लगेच काळजात कळ येऊ देऊ नये. ती कदाचित खरंच तुमची काळजी करत असेल. जवळिकीची परीक्षा उष्ट्यावर घ्यायची सवय आपल्याला अपमानाने लावली आहे, आणि त्या परीक्षेत पास होण्यासाठी आपण स्वतःचे ओठ पणाला लावतो.

या वर्षी भाचीला चंडीगढच्या वसतिगृहात सोडायला गेले. स्ट्रॉबेरी-बिबेरी काही नाही, साध्या पेट्रोलियम जेलीच्या दोन डब्या तिच्या बॅगेत टाकल्या. ओठ चाटू नकोस, त्याने ते आणखी सुकतात. फोड आला तर फोडू नकोस, डोळ्यांना हात लावू नकोस, तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नकोस, आणि सारखा येत राहिला तर डॉक्टरांना दाखव. दोन डब्या कशाला, म्हणाली. एक तुझी, दुसरी मागायला येतील त्यांना द्यायला.

मग तिने विचारलं, आणि माझा कप कुणी खिडकीत ठेवला तर? ही गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती, ती तिच्या लक्षात राहिली होती. मी म्हटलं, ठेवला त्या दिवसाची तारीख लिहून ठेव. फोटो काढ. तुझा फोड बरा झाला त्या दिवसाचीही तारीख लिही. भेदभावाच्या तक्रारी ऐकायला संस्थेत अधिकारी नेमलेला असावा, असं यूजीसीचे 2012 चे नियमच सांगतात. त्याची खोली कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ये. तिने वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं, आणि एक डबी टेबलावर उघड्यावर ठेवली.