दगडीची परीक्षा

आमच्या कळसाकडे (तालुका इंदापूर) गाईस दगडी झाली, म्हणजे कास सुजून घट्ट झाली, कीं मालक तत्काळ सुई टोंचवितो. जंतु कोणता, हें कोण विचारतो? डेन्मार्कचे डॉ. ग्राम यांनीं १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या रंगविधींत कांहीं जंतु मद्यार्कानें धुतल्यावरही जांभळेच राहतात. दगडीच्या दुधांत अशीं दोन कुळें पुष्कळदां आढळतात. घोंसासारखें तें स्टॅफिलोकोकस (ग्रीकांत स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घोंस; नांव आम्हांस मोठें सार्थ वाटतें), माळेसारखें तें स्ट्रेप्टोकोकस. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबानें पहिलें फेंसाळतें, दुसरें नाहीं. मात्र रक्ताचा लेश मिसळल्यास फेंस फसवा. माळेवर पेनिसिलीन बहुधा चालतें. घोंसांतले अनेक जंतु तें निकामी करतात. नमुना सुईपूर्वींच घ्यावा. मागाहून घेतलेल्या दुधांत पुष्कळदां कांहींच उगवत नाहीं.