रांगेतले चुंबक आणि ईझिंग गुरुजी



चुलीवर पातेले ठेवले की पाणी ५० अंशांना पाणीच असते, ९० अंशांनाही पाणीच. १०० अंश झाले की मात्र ते उकळून त्याची वाफ होऊ लागते. लोखंडाचेही काहीसे असेच आहे. लोहचुंबक तापवत नेले की त्याची ओढ कमी कमी होत जाते आणि सुमारे ७७० अंशांना पार नाहीशी होते. शास्त्रज्ञ याला अवस्थांतर म्हणतात. कण तेच असतात, नवा कोणी येत नाही, जुना कोणी जात नाही, तरी सर्वांचे मिळून वागणे बदलते. हे कसे घडते?

प्रा. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० साली यासाठी एक सोपी कल्पना मांडली आणि पुढे जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठात अर्न्स्ट ईझिंग या विद्यार्थ्याला ती सोडवायला दिली. लोखंडातील प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा चुंबक. त्याचे तोंड वर किंवा खाली. शेजाऱ्यासारखे तोंड करणे त्याला आवडते, पण उष्णता त्याला उगाच हुसकावते.

घरातल्या मुलांना रांगेत उभे करून हे दाखवता येईल. सगळ्यांची तोंडे एकीकडे. आता मधल्या एकाला आणि त्याच्या मागच्या सर्वांना उलटे फिरायला सांगा. अर्धी रांग फिरली, पण बेबनाव किती जोड्यांत झाला? एकाच! रांग लाखाची असली तरी एकच. म्हणून थोड्याशा उष्णतेनेही रांग मोडते. रांगेत अवस्थांतर होत नाही, हे ईझिंग यांनी १९२४ च्या प्रबंधात सिद्ध केले. इथवर बरोबर. पण लांबी, रुंदी, उंची असलेल्या लोखंडातही ही कल्पना चालणार नाही असा त्यांनी अंदाज केला, तो चुकला.

कवायतीसारखी मैदानभर ओळीत मुले उभी असली तर प्रत्येकाला चार शेजारी. एखादा घोळका उलटा फिरला की त्याच्या सबंध कडेला भांडण. घोळका मोठा, तसे भांडण मोठे. त्यामुळे थंडाव्यात शिस्त टिकते. रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९३६ मध्ये हा मुद्दा मांडला आणि लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये मैदानाचे गणित तंतोतंत सोडवले. उंचीसह तिन्ही बाजूंचे नेमके सूत्र मात्र आजवर कोणालाच सापडलेले नाही. कॉम्प्युटरने आकडे तेवढे काढतात. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ साली स्मरणशक्तीचे जे गणिती जाळे मांडले, त्याचे घटकही असेच दोन अवस्थांचे. त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

आणि ज्यांचे नाव या कल्पनेला मिळाले ते ईझिंग या काळात कोठे होते?

ते ज्यू. हिटलरची सत्ता आली आणि १९३३ मध्ये सरकारी शाळेतील त्यांची मास्तरकी गेली. कारण काय, तर जन्म! मग पॉट्सडॅमजवळच्या काप्पुट गावी ज्यू मुलांच्या वसतिशाळेत ते शिकवू लागले, पुढे मुख्याध्यापक झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ती शाळाही उद्ध्वस्त करण्यात आली. १९३९ मध्ये पत्नी योहाना यांच्यासह ते लक्झेंबर्गला गेले. १० मे १९४० रोजी, नेमक्या त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, जर्मन फौजा तेथेही घुसल्या. पुढे या डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला रेल्वेचे रूळ उखडण्याच्या वेठबिगारीला जुंपले गेले. पत्नी ज्यू नसल्यामुळे छळछावणी टळली.

१९४७ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला पोहोचले. आपल्या तरुणपणच्या प्रबंधावर जगभर काम चालू आहे, ‘ईझिंग मॉडेल’ असे त्याला नावच पडले आहे, हे त्यांना १९४९ मध्ये कळले, तेही वाचनातून. त्यानंतरही त्यांनी शिकवणेच पत्करले. पिओरिया येथील ब्रॅडली विद्यापीठात ते १९७६ पर्यंत पदार्थविज्ञान शिकवत होते. १९९८ साली, अठ्ठ्याण्णवावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच गावी ते वारले.