परत येईल तेच टाका

लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा नाद लागणं हे तसं विचित्रच. आमच्या घरी मासा म्हणजे पापलेट, सुरमई, बांगडा, हलवा. आई मालवणची. तळ्यातला मासा हा तिच्या मते मासाच नव्हे. "चिखलाचो वास येता मेल्याक," एवढं बोलून ती विषय संपवते. शिवाय आमच्याकडे तळी आहेत कुठे? गवालिया टँक, सीपी टँक, धोबीतलाव... नावं बसच्या पाटीवर उरली आहेत, पाणी केव्हाच गेलं.

तरीही महिन्यातला एक शनिवार मी दादरहून पहाटेची कर्जत लोकल पकडतो. हातातलं लांब नळकांडं बघून एकदा एका काकांनी "बासऱ्या विकता का?" असंही विचारलं होतं. कर्जतच्या पुढे एका गावात एक तलाव आहे. गावाचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. ज्यांच्याकडे तलावाचा ठेका आहे त्यांना विचारून मी काठावर उभा राहतो. होडी वगैरे काही नाही. काठ, मी आणि समोर भरपूर पाणगवत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑफिसमधला एक ज्युनिअर. त्याने महिनाभर यूट्यूबवर अमेरिकन बास फिशिंगचे व्हिडिओ पाहिले आणि ल्युअरची एक एक्सेल शीट बनवली. (ल्युअर म्हणजे खोटं आमिष. प्लॅस्टिकचा मासा, धातूचा चमचा, रबरी बेडूक असलं काहीतरी.) चाळीस ओळी. रंग, वजन, लांबी, किंमत, रेटिंग, सगळे कॉलम. "यातले कुठले घेऊ?" म्हणाला. मी म्हटलं, "दोन. आणि रंगाचा कॉलम डिलीट कर."

त्याला ते फारसं पटलं नाही. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, तो अमेरिकन बास आपल्या तळ्यांत नाही. आपल्याकडे त्याच्या जागी आहे मरळ. लांबट, अंगाने काळपट, डोकं सापासारखं चपटं. दोघांची सवय मात्र एकच. गवताच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि वरून काही सरपटत गेलं की झडप घालायची. म्हणून तिकडचे ल्युअर इकडे चालतात. एक फरक मोठा आहे. मरळीला हवा घ्यायला अधूनमधून वर यावंच लागतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या कोंदट, गवताळ पाण्यात ती मजेत राहते. म्हणजे जिथे ल्युअर टाकणं सर्वात कठीण, तिचा पत्ता नेमका तिथलाच.

तर माझं मत असं, की गवताळ तळ्यात ल्युअर निवडताना मासा नंतर बघावा, आधी गवत बघावं. "याला मासा लागेल का?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "हे परत येईल का?"

होडीतल्या माणसाचं एक बरं असतं. ल्युअर अडकला तर तो वल्हवत जातो आणि सोडवून आणतो. काठावरच्या माणसाची दोरी पाण्याला जवळजवळ आडवी असते. ल्युअर आणि तुम्ही यांच्या मध्ये जे काही उगवलेलं आहे, त्या सगळ्यातून तो ओढत आणावा लागतो. उघडे गळ लटकणारा ल्युअर तिथे टाकणं म्हणजे टेस्ट न करता शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला ढकलणं.

मी हे केलेलं आहे. पहिल्याच वर्षी बाराशे रुपये मोजून एक सुंदर चंदेरी मासा घेतला. पोटाखाली एक, शेपटीला एक, असे दोन तिहेरी गळ. तिसऱ्या फेकीला तो पाण्याखालच्या गवतात रुतला. मी ओढलं, दोरी तुटली. मला वाईट वाटलं ते बाराशे रुपयांचं. काठावर म्हशी घेऊन आलेले एक आजोबा हे बघत होते. त्यांनी विचारलं, "काय होतं त्याला?" मी गळांचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हशी उतरतात इथं. पोरं बी." आणि धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात शिरले. मी नको नको म्हणत राहिलो. दहा मिनिटं पायाने चाचपत त्यांनी तो शोधला आणि आणून माझ्या हातात ठेवला. एक गळ त्यांच्या बोटात घुसला होता. वर मलाच म्हणाले, "महाग असंल."

तो ल्युअर मी परत वापरला नाही. घरी ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हापासून माझ्या डब्यात काय असतं ते सांगतो.

एक, पोकळ रबरी बेडूक. दोन गळ वर वळलेले आणि पाठीला चिकटलेले. हा जलपर्णीवरून, कमळाच्या पानांवरून सरपटत येतो, अडकत नाही. माशाने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. तो थेट मोकळ्या पाण्यात टाकू नका. पलीकडच्या पानांवर टाका, ओढत मोकळ्या खिडकीपर्यंत आणा आणि थांबा. पाणी फुटलं की लगेच झटका द्यायचा मोह होतो, तो आवरा. मरळीचा पहिला वार बऱ्याचदा चुकतो. दोरीवर वजन जाणवलं की मगच झटका. दर चार-पाच फेकींनी बेडूक पिळून आतलं पाणी काढायचं, नाहीतर तो बुडतो.

दोन, मऊ रबरी मासा किंवा अळी, एकेरी गळावर, गळाचं टोक रबरातच लपवलेलं. टेक्सास रिग म्हणतात ती हीच. गवत पृष्ठभागाच्या फूटभर खाली असेल, म्हणजे हायड्रिलासारखं, तर बेडकापेक्षा हा बरा. शिसं लावू नका, हळूहळू बुडू द्या.

बस. गवताला खिडक्या असतील तिथे तारेचं संरक्षण असलेला चमचा हा तिसरा, पण तो हौसेचा.

रंगाचं म्हणाल तर बेडूक मरळ खालून बघते. मागे आकाश असतं, तिला दिसते ती सावली. मी काळा वापरतो. कंपन्या बेडकाच्या पाठीवर ठिपके रंगवतात ते गिऱ्हाईकासाठी. मरळ काही कॅटलॉग चाळत नाही.

आणि पैसे वाचवायचे असतील तर ल्युअरवर वाचवा, दोरीवर नको. चाळीस-पन्नास पौंडांची विणलेली दोरी घ्या. ती ताणली जात नाही, कोवळे देठ कापत येते. मासा मोठा म्हणून एवढी जाड दोरी लागते असं नाही. माशाबरोबर दोन किलो गवतही बाहेर काढायचं असतं. पातळ दोरी तुटते तेव्हा मासा तोंडात गळ घेऊन जातो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, सोडायला सोपं जातं. क्वचित एखादा मासा निसटेल. निसटू दे.

जिथे सगळं पाणीच हिरवं झालंय तिथे मात्र कुठलाच ल्युअर उपयोगाचा नाही. पवईचंच बघा. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून तिथे आहे. आज ते पाणी पिण्याजोगं नाही, कारण तलावात सांडपाणी येतं. त्यावर जलपर्णी पोसते, महापालिका ती काढते आणि ती परत येते. अशा वेळी प्रश्न ल्युअरचा नसतो, गटाराचा असतो.

आता शेवटचा मुद्दा. कदाचित हाच आधी लिहायला हवा होता.

पावसाळ्यात मरळीची पिल्लं घोळक्याने वर येतात. लालसर, शेकड्यांनी, एकाच वेळी हवा घेतात तेव्हा पाण्यावर भुरभुर पाऊस पडल्यासारखं दिसतं. खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यावरून बेडूक ओढला तर भूक असो नसो, मरळ वार करतेच. तिला तो शत्रू वाटतो. यात कसब काही नाही. आणि ती बाहेर आली की राखण संपली. बाकीचे मासे त्या पिल्लांवर तुटून पडतात.

समुद्राचं आपल्याला माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना बंदी. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होडी लोटत नाहीत, हे गिरगाव-दादरचं शेंबडं पोरही सांगेल. आपणही "सध्या मासे महाग आहेत" म्हणत सुकट-बोंबलावर भागवतो. माझ्या त्या तळ्यावर असं सांगणारं कोणी नाही. काठावर मी एकटा आणि डब्यात बेडूक, जो कधी नव्हे इतका चालणार आहे. गावाचं नाव सांगत नाही ते याचसाठी. घोळका दिसला की तिथे चार फेकींत मासा नक्की, हे कळायला यूट्यूब पुरेसं आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी तसा मासा काढला होता. दोन किलोची असेल. पाच मिनिटांत सोडली, पण घोळका तोवर विखुरला होता. ती परत त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, मला दिसलं नाही.

तर ज्युनिअरला माझं उत्तर तेच. दोन ल्युअर, एक चांगली दोरी, एक पक्कड. पावसाळ्यात घोळका दिसला तर रीळ गुंडाळून पुढच्या काठाला जायचं. आणि काही अडकलंच तर ओढून तोडायच्या आधी बूट काढून पाण्यात उतरायचं. आपला गळ आपण काढायचा, दुसऱ्याच्या आजोबांनी नव्हे.

येत्या शनिवारी तो माझ्याबरोबर येतोय. शीट अजून डिलीट केलेली नाही म्हणतो. एकदा पाण्यात उतरला की करेल.