गोड चूक

परवाचीच गोष्ट. आमची नात दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली आहे. तिसरीत आहे. रोज इंग्रजीत एक पान लिहायचे, असा शाळेचा हुकूम! सकाळी वही घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. ‘काल मी आजीबरोबर बाजारात गेले’ हे सांगताना तिने ‘गो’ला ‘ई’ आणि ‘डी’ जोडून चक्क ‘गोड’ करून टाकले होते!

“बाळ, ‘गोड’ नव्हे, ‘वेन्ट’,” मी म्हटले.

“का? ‘वॉक’चं ‘वॉक्ड’, ‘प्ले’चं ‘प्लेड’, मग ‘गो’चं ‘गोड’ का नाही?”

“नाही म्हणजे नाही! पाठ कर,” असे म्हणणार होतो, पण शब्द ओठांवरच थबकले.

वाचकहो, मी बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. एके वर्षी पाचवीतल्या एका मुलाने मला नेमका हाच प्रश्न विचारला होता. वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते, आणि मास्तरांना उत्तर आले नाही की त्यांचा आवाज चढतो. मी त्याला तासभर बाकावर उभे केले. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने माझ्या तासाला हात वर केला नाही.

उत्तर मला सापडले ते निवृत्तीनंतर, पुस्तके सवडीने चाळताना. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ नव्हताच. तो ‘एओदे’ असा काहीसा होता. ‘वेन्ट’ हे शेजारच्या घरातले रूप. त्या घरचे क्रियापद ‘वेन्ड’, म्हणजे वळणे, वाट धरणे. ‘सेन्ड’चे जसे ‘सेन्ट’ आणि ‘बेन्ड’चे ‘बेन्ट’, तसेच ‘वेन्ड’चे ‘वेन्ट’. इतके ते नियमाला धरून! १४०० साली वारलेल्या चॉसर कवीच्या लिखाणात जुन्या ‘एओदे’चा वंशज आणि ‘वेन्ट’ असे दोघेही भेटतात. पुढे जुने रूप मागे पडले आणि ‘गो’ने शेजाऱ्याचा भूतकाळ दत्तक घेतला. बिचाऱ्या ‘वेन्ड’ला मग ‘वेन्डेड’ असे नवे रूप करून घ्यावे लागले. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गेड’ असे सरळ नियमाने बनलेले रूप चालत आले. म्हणजे आमची नात तिकडे जन्मली असती, तर तिचा फारसा गुण कापला गेला नसता!

आता कोणी म्हणेल, इंग्रजीच मेली लहरी! पण जरा आपल्या घरात डोकवा. ‘बसणे’चे ‘बसला’, ‘उठणे’चे ‘उठला’, मग ‘जाणे’चे ‘जाला’ का नाही? ‘गेला’ कुठून आले? तर ‘जाणे’ आले संस्कृत ‘या’ धातूपासून. ‘यात्रा’ची जशी जत्रा झाली आणि ‘यंत्रा’चे दळायचे जाते झाले, तसाच इथेही ‘य’चा ‘ज’ झाला. आणि ‘गेला’ आले ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. आपणही शेजाऱ्याचाच भूतकाळ वापरतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

रोजच्या वापरातल्या शब्दांचेच असे होते. जिभेवर सतत असल्यामुळे त्यांची वाकडी रूपेही टिकून राहतात. मुले मात्र नुसती घोकत नाहीत, ती नियम शोधतात. जीन बर्को या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांपुढे मुद्दाम बनवलेले खोटे शब्द ठेवले होते. कधी न ऐकलेल्या त्या शब्दांनाही मुलांनी बरोबर प्रत्यय लावले. तेव्हा ‘गोड’ लिहिणारे पोर ढ नसते, ते विचार करीत असते. मी बाकावर उभा केला होता तो विचार!

हे सारे मी नातीला सांगितले. तिला कितपत कळले देव जाणे, पण ‘शेजाऱ्याकडून आणलेला भूतकाळ’ तिला फार आवडला.

भाऊबीज आटोपून ती घरी निघाली. दारातून ओरडली, “आजोबा, जाते हं!”

आमची ही आतून लगबगीने आली. “जाते म्हणू नये बाळ, येते म्हणावं.”

“का?”

या खेपेला मी तयारीत होतो. म्हटले, “अगं, आपल्या ‘गेला’तला ‘गम्’ आणि इंग्रजीतला ‘कम’ हे एकाच मुळाचे, सख्खे भाऊ. तेव्हा गेलेल्याने यायचंच असतं!”

ती हसली, “येते” म्हणाली आणि जिना उतरली.

तो पाचवीतला मुलगा आता पन्नाशीला आला असेल. हा अंक त्याच्या घरी गेला, तर त्याने एवढे जरूर वाचावे. बाबा रे, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तराला मात्र चाळीस वर्षे उशीर झाला.