आधी आवाज, मग उजेड, कॅमेरा शेवटी



रत्नागिरी तालुक्यातून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. घरची दीडशे कलमे आहेत. माल वर्षानुवर्षे वाशीच्या बाजारात जातो आणि दलालाकडून पट्टी येते तेव्हा तोंड कडू होते. म्हणून या घराने ठरविले की पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवायच्या, जोडीला आमसुले, आगळ, आंबापोळी विकायची, आणि त्यासाठी घरच्या माणसांनीच मोबाइलवर दिसून माहिती सांगायची. यजमान म्हणतात, चांगला कॅमेरा घेऊ, 60,000 रुपये लागतील. सासूबाई म्हणतात, त्यात पावसाआधी मांगराची कौले परतून होतील. आता तुम्हीच सांगा, असे सूनबाई लिहितात.

ताई, या खेपेस मी सासूबाईंच्या बाजूचा आहे. कॅमेरा तूर्त घेऊ नका.

तुमच्याकडून आंबा घेणारा माणूस तुमच्या बागेत आलेला नसतो. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांतल्या आंब्याला ते नाव लावता येते. तरी परप्रांतीचा आंबा रत्नागिरीच्या नावाने खपतोच. तेव्हा गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघून आणि तुमचे बोलणे ऐकून ठरविते की पैसे आगाऊ पाठवावेत की नाही. चित्र थोडे फिके असले तर लोक चालवून घेतात. बोलणे घुमू लागले, वाऱ्यात विरू लागले, की ते बोट फिरवून पुढे जातात. म्हणून पहिला पैसा आवाजावर.

याचा हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की आवाजाची शक्ती चौथाई होते. मोबाइल तुमच्यापासून सहा फुटांवर ठेवला, म्हणजे सुमारे आठ विती. तोच माइक छातीवर, हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावला, तर त्याला तुमचा आवाज चौसष्ट पट जोरात मिळतो. कोंबडा आणि शेजारचा पंप मात्र आहेत तिथेच राहतात. साठ हजारांचा कॅमेरा सहा फुटांवर ठेवून त्याच्याच माइकवर बोललात तर हा हिशेब बदलत नाही.

कपड्याला अडकवायचा वायरचा माइक हजार रुपयांच्या आसपास येतो. सुरुवातीला तोच घ्या. बिनवायरचे चांगले असतात, पण महाग पडतात, आणि ऐन वेळी त्यांची बॅटरी उतरलेली सापडते. घेताना आपला मोबाइल दुकानात बरोबर न्या. गोल पिनचा माइक असेल तर पिनवरच्या पट्ट्या मोजा. मोबाइलला तीन पट्ट्यांची पिन लागते, कॅमेऱ्याची बहुधा दोन पट्ट्यांची असते. नव्या पुष्कळ मोबाइलना ते गोल भोकच नसते. त्यांना चार्जरच्या भोकात बसणारा माइक पाहावा. तिथेच माइक जोडून रेकॉर्ड करा, माइकवर बोट घासा आणि ऐका. घासल्याचा आवाज जोरात आला नाही, तर मोबाइल स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करीत आहे असे समजा. माइकवर बसवायचे केसाळ टोपडेही मागून घ्या, वाऱ्याला तेच अडविते.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो, दुकानदार ती सांगणार नाही. मंगळसूत्र माइकवर घासले की सगळे बोलणे खरखरते. माइक पदराच्या काठाला न लावता, मंगळसूत्र पोचणार नाही अशा बाजूला नीट टाचा. हातात काकणे असतील तर दर हातवाऱ्याला किणकिण येणार, हेही धरून चाला.

आता बसायचे कुठे? नव्या स्लॅबच्या हॉलमध्ये, जिथे पाहुण्यांना बसवतो, तिथे मुळीच नको. गुळगुळीत लाद्या आणि मोकळ्या भिंती आवाज परतवतात. जागा पारखायची तर मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण उरली तर जागा वाईट. भाताची पोती, गोधड्या, वळकट्या असलेल्या खोलीत टाळी जागच्या जागी मरते; पण तिथे उजेड नसतो.

कोकणच्या घरात या दोन्हींचा मेळ घालणारी जागा वाडवडिलांनी आधीच बांधून ठेवली आहे, ती म्हणजे पडवी. डोक्यावर छप्पर असल्याने ऊन थेट तोंडावर येत नाही. समोरची बाजू मोकळी, म्हणून खळ्यातला मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि आवाजही बाहेर निघून जातो. पडवीच्या कडेजवळ खळ्याकडे तोंड करून बसा आणि मोबाइल खळ्याच्या बाजूला ठेवा. उलटे बसून उजेड पाठीमागे घेतलात की चेहरा काळा पडतो; ही चूक सर्रास दिसते. खळ्यात ऊन फार तळपत असेल तर एक पांढरी चादर आडवी बांधा.

वेळ सकाळची. दुपारकडे समुद्राचा वारा सुटतो, मग टोपडे असूनही झाडांची सळसळ बोलण्यावर चढते. पावसाळ्यात कौलांखाली निभावते, पत्र्याखाली मात्र सर आली की थांबण्यावाचून इलाज नाही. रात्री दिव्यावर करायचे झाल्यास चित्रात काळ्या पट्ट्या सरकताना दिसतील. आपली वीज पन्नास आवर्तनांची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोबाइलमध्ये शटर एक-पन्नासांश करता आले तर पट्ट्या जातात. त्यापेक्षा सकाळच बरी.

तिसरी वस्तू तिवई. हजार-बाराशेची पुरे, फक्त खालून रुंद हवी आणि मोबाइल धरणारा चिमटा घट्ट हवा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मागचा कॅमेरा वापरा. पुढच्यापेक्षा तो बहुधा चांगला असतो. आधी त्याची काच सुती फडक्याने पुसा, कारण आंब्याचा चीक आणि स्वयंपाकाचे तेल लागलेल्या मोबाइलचे चित्र धुकटच येणार. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर रंगात आलेल्या बोलण्यात मामांचा फोन येतो.

एवढ्यावर भागते का, अशी शंका यजमान काढतीलच. त्यांना सारोळा कासारच्या आजींचे सांगा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (पूर्वीचा अहमदनगर) या गावच्या सुमन धामणे यांनी सत्तरीच्या घरात असताना नातू यश याच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल सुरू केले आणि 2020 साली ते लाखो लोकांपर्यंत गेले. लोक आले ते आजींच्या हातच्या गावरान भाजीसाठी आणि त्यांच्या साध्या बोलण्यासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोणीतरी ते चॅनेल परस्पर बळकावले. काही दिवसांनी ते परत मिळाले. तेव्हा पासवर्डबरोबर मोबाइलवरची दुसरी खात्रीही चालू करून ठेवा. त्याला एक पैसा पडत नाही.

कॅमेरा कधीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. दोन हंगाम नेमाने चित्रण झाले, मागणी वाढली, आणि मोबाइलचे चित्र खरोखरच अपुरे पडू लागले तर अवश्य घ्या. त्या वेळी पडदा पुढे फिरणारा आणि बाहेरचा माइक जोडता येणारा पाहा. पण आपल्याकडे पावसाचे चार महिने हवा ओली असते आणि कपाटात बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवण्याची शिस्त घरात असेल तरच तो खर्च करावा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की आंबापोळी सासूबाईच घालतात, पण कॅमेऱ्यासमोर त्या बोलत नाहीत. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, माइक त्यांना लावा. पाच-सहा मीटर वायरचा माइक घेतलात तर ताटात रस पसरताना त्यांना मोकळे हलता येईल. मोबाइल बाजूला ठेवून चालू करा, त्याच्याकडे बघायला सांगू नका. तुम्ही मागून एवढेच विचारा, “आई, रस किती जाड घालायचा?” त्या हातातले काम न सोडता सांगू लागतील. झालेले चित्रण बाहेर पाठविण्याआधी मात्र त्यांना दाखवा, आणि त्या म्हणतील तेवढे कापा.